चित्राहुतीचे मानकरी

गुरुजींच्या घरी खोली भाड्यानं मिळण्याआधी मला तिथं एकदा जेवावं लागलं. ती परीक्षा होती हे मला पुष्कळ नंतर कळलं.

बँकेनं मला सांगलीहून उचलून वाराणसीला टाकलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, एकटी होते आणि आमच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे स्वच्छतेच्या बाबतीत डोक्यावर परिणाम झालेली होते. शाखेतल्या कुणीतरी सांगितलं, दूधविनायक मोहल्ल्यात जा, तिकडे तुमच्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गेले. घर सापडलं, पण दारात एक बैल आडवा उभा होता. मी गल्लीत उभी राहून दहा मिनिटं त्याच्या जाण्याची वाट पाहिली. शेवटी आतून आवाज आला, "त्याच्या बाजूनं निघून या, बाई. तो काही करत नाही. त्याला ऊन लागतं म्हणून उभा आहे."

आत गुरुजी होते. सत्तरीचे, बुटके, कमरेला लोकरीची तपकिरी धाबळी आणि खांद्यावर मांजर. मी खोलीचं विचारलं. "खोली कुठं पळून चाललीय? आधी जेवून घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला.

आमच्या आजोबांच्या काळी घराघरांत पुरुष जेवायला बसताना चित्राहुती घालत. ताटाभोवती पाणी फिरवायचं, ताटाच्या उजव्या बाजूला भाताची पाच चिमुकली शितं ठेवायची, चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला नमस्कार करून शेवटी 'सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः' म्हणायचं, मग हातावर पाणी घेऊन प्यायचं, त्याला आपोशन म्हणतात, आणि जेवायला लागायचं. मी ते लहानपणी पाहिलेलं होतं. गुरुजींच्या घरी फरक इतकाच की ती शितं चिमुकली नव्हती, लिंबाएवढी होती, आणि मंत्र सुरू होताच घराच्या कानाकोपऱ्यातून चार कुत्री, दोन मांजरं आणि एक बोकड येऊन ताटाच्या उजव्या बाजूला ओळीनं बसले. कुणी तोंड घातलं नाही. गुरुजींनी आपोशन घेतलं, आणि मग त्या ओळीनं जेवायला सुरुवात केली.

मी पाय वर घेऊन बसले होते. एक पिवळसर म्हातारी कुत्री ओळ सोडून माझ्यापाशी आली आणि माझ्या ताटाच्या उजवीकडे बसून माझ्याकडे बघायला लागली. हॉटेलात चमचासुद्धा रुमालानं पुसून घेणारी मी, केवळ भीतीपोटी, भाताचा एक गोळा जमिनीवर ठेवला.

"खोली तुमची," गुरुजी म्हणाले. "किल्ली मघेनं दिली असं समजा."

मघा म्हणजे ती कुत्री. गुरुजींच्या घरी जो प्राणी येई त्याला त्या दिवशीच्या नक्षत्राचं नाव मिळे. पंचांग भिंतीवर खिळ्याला टांगलेलंच असे. त्यामुळे बैलाचं नाव मूळ, बोकडाचं श्रवण, खांद्यावरच्या मांजरीचं भरणी. एकाच नक्षत्रावर दोघं आले की दुसऱ्याला 'धाकटं' जोडायचं. आणि एकदा का कुणी चित्राहुतीचा भात खाल्ला की तो पाहुणा झाला, पाहुण्याला जा म्हणता येत नाही, असा गुरुजींचा कायदा. मी पहिल्या आठवड्यातच तक्रार घेऊन गेले की जिन्यात एक नवीन पिल्लू आहे, रात्रभर केकाटतंय. गुरुजींनी पंचांगावरून नजर न काढता विचारलं, "आलंय न?"

"हो, आलंय."

"मग आलंय."

या दोन शब्दांपुढं त्या घरात अपील नव्हतं. तीन वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकले की पुढं पुढं बँकेत कुणी नको असलेला ग्राहक दारात दिसला की माझ्याच तोंडून ते निघायला लागले.

गुरुजी पौरोहित्य करत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, गंगापूजनं अमृतराव घाटावर करून देत. हल्ली अर्धे यजमान येतच नाहीत, मोबाइलवर समोर बसतात. गुरुजींनी त्यालाही नाही म्हटलं नव्हतं. फोन तांब्याला टेकवून उभा करायचे आणि पलीकडच्या माणसाला "आता सव्य करा, आता अपसव्य करा" असं सांगत राहायचे. एकदा अमेरिकेतले कुणी गृहस्थ वडिलांचं श्राद्ध करत होते. ऐन पिंडदानाच्या वेळी आश्लेषेनं फोन उचलला. आश्लेषा म्हणजे माकडीण. ती कठड्यावर जाऊन बसली आणि फोन तोंडासमोर धरून त्यात बघायला लागली. खालून गुरुजी बिस्किटं दाखवत होते. पाच मिनिटांनी फोन परत मिळाला तेव्हा पडद्यावरचे गृहस्थ हात जोडून रडत होते. "गुरुजी, बाबा आले होते का हो?"

दुसरा कुणी असता तर त्यानं हो म्हणून टाकलं असतं, आणि त्यात कुणाचं काय बिघडलं असतं? पण खोटं बोलणं गुरुजींना जमायचंच नाही. ते म्हणाले, "नाही हो. ही आश्लेषा. बंदर आहे, हिला बिस्किटं आवडतात." मग त्या माणसाचा चेहरा पाहून म्हणाले, "पण तुमचे बाबा कुणाला बिस्किटं देत असतील, तर आत्ता एक त्यांच्या नावानं दिलं मी." ते गृहस्थ पुढं दर वर्षी त्यांच्याकडूनच श्राद्ध करवून घेत राहिले आणि दर वर्षी आश्लेषेची चौकशी करत राहिले.

आता वाचणारा विचारेल की इतक्या जनावरांत या माणसाचं सोवळं टिकायचं कसं? मीही विचारलं होतं, आणि जरा कुत्सितपणेच. कारण सोवळ्याच्या बाबतीत गुरुजी फार कडक होते. घरातल्या गणपतीचा नैवेद्य ते स्वतः रांधत, ओल्या किंवा लोकरीच्या वस्त्रात, आणि मी चुकून चौकटीला हात लावला तर शांतपणे पातेलं उतरवून पुन्हा आंघोळीला जात. मी म्हटलं, "माझा हात चालत नाही, आणि धाकटी मघा तुमच्या धाबळीवर झोपलेली चालते?"

"तुमच्या अंगावर सुती कपडा आहे, बाई. ती नागडी आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही. जुन्या घरांत नागड्या पोराचं ओवळं धरत नसत. सोवळ्यातल्या आजीपाशी जायचं असलं की पोराचे कपडे काढून त्याला सोडून द्यायचे. दोष काय तो कपड्यात, अंगात नव्हे. लोकरीला आणि रेशमाला दोष नाही, आणि नागड्याला तर नाहीच नाही. मग कुत्र्यानं काय पाप केलंय? हे सगळं त्यांनी मला इतक्या गंभीरपणे समजावून सांगितलं की मी निमूटपणे वर जाऊन स्वतःच्या सलवार-कमीजकडे संशयानं पाहत बसले.

त्यांचं दुसरं व्रत मात्र मला कळायला वेळ लागला. बायको गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे घरदार सोडायचं नाही, काशीची सीमा सोडायची नाही. मरण यावं ते काशीतच यावं, म्हणून. बावीस वर्षांत ते गंगेच्या पलीकडच्या काठावर एकदाही गेले नव्हते. तिकडे मरणारा पुढच्या जन्मी गाढव होतो अशी इकडे समजूत आहे. घाटावरचे लोक ती हसत हसत सांगतात. गुरुजी हसत नसत. पुण्याला त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, त्याला ते गेले नाहीत. नातवाची मुंज झाली, त्यालाही गेले नाहीत. मुलगी दर रविवारी फोन करायची. तिचं बोलणं संपत आलं की गुरुजींचा आवाज बारीक व्हायचा. "हो ग. माझं काय, मी ठीक आहे," एवढंच ऐकू यायचं.

आता कोटाची गोष्ट. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत बनारसला अशी थंडी पडली की घाटावरच्या बकऱ्यांनासुद्धा लोकांनी जुने स्वेटर घातले. तशी ती तिथली रीतच आहे. बाह्यांतून पाय बाहेर काढलेल्या बकऱ्या सगळीकडे हिंडत असतात. मघा तेव्हा तेरा वर्षांची. ती रात्री जिना चढून माझ्या दाराशी यायची आणि मी दार उघडेपर्यंत एकाच सुरात कण्हत बसायची. दार उघडलं की रजईत. मी आठ दिवस सोसलं. मग गोदौलियाच्या बाजारातल्या एका हातगाडीवरून कुत्र्यासाठी शिवलेला लाल कोट आणला, पोटाखाली दोन बटणं असलेला. मघेच्या मायेनं आणला असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. रजई वाचवायला आणला.

गुरुजींनी कोट बोटांत धरून पाहिला. "लोकर आहे न?"

हातगाडीवाल्यानं "प्योर ऊलन" म्हटलं होतं. त्या किमतीत ते शक्य नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो. शंभर टक्के."

मघा तीन आठवडे त्या कोटात हिंडली. तो तिला शोभायचा आणि तिलाही ते माहीत होतं. पहाटे गुरुजी स्नानाला निघाले की ती कोट घालून त्यांच्या मागून घाटापर्यंत जायची आणि ते परत येईतो शेवटच्या पायरीवर बसून राहायची. परत आल्यावर ती शेगडीपाशी बसे. असंच एक दिवस ती शेगडीला फार चिकटून बसली आणि कोटाची कड निखाऱ्याला लागली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हा कोट जळला नाही, वितळला. घरभर प्लास्टिकचा वास पसरला. मी वरून धावत खाली आले.

गुरुजी कोटाची काळी, कडक झालेली कड बोटांत धरून बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. तीन आठवडे गणपतीला ओवळ्यातला नैवेद्य गेला होता. त्यांनी कोटाची दोन बटणं काढली, तो घडी करून माझ्या हातात दिला आणि त्या कडाक्याच्या थंडीत दुसऱ्यांदा गंगेवर स्नानाला गेले. मघा नागडी होऊन त्यांच्या मागून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्नान करून वर आले तर पायरी रिकामी होती.

शहरात कुणी मोठे पाहुणे यायचे होते. रस्ते धुणं, भिंती रंगवणं आठवडाभर चाललंच होतं. त्या दिवशी कुणा ठेकेदाराची गाडी पहाटे घाटांच्या रस्त्यानं फिरली आणि बेवारशी कुत्री उचलून पलीकडच्या काठावर एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणाला, "गुरूजी, पट्टा वाले, स्वेटर वाले, सब छोड़ दिए. नंगे वाले उठा ले गए."

गुरुजी तिथंच ओट्यावर बसले. मीही बसले. कुणाची चूक जास्त, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

"गुरुजी, मी जाते आणि घेऊन येते," मी म्हटलं.

"ती खाणार नाही, बाई," ते म्हणाले. "चित्राहुतीशिवाय ती खात नाही. तेरा वर्षांत खाल्लं नाही."

मी बँकेत रजा टाकली आणि रिक्षानं पुलावरून पलीकडे गेले. शेडमध्ये साठेक कुत्री होती, आणि त्यातली निदान वीस पिवळसर. शेड सांभाळणारा माणूस वाईट नव्हता. "मैडम, जो आपका है, ले जाइए," म्हणाला. मी फोनमधला फोटो काढला. मघेचा माझ्याकडे एकच फोटो होता आणि त्यात ती नाकापासून शेपटीपर्यंत लाल कोटात होती. मग आठवलं, हिच्या डाव्या कानाचा कोपरा कापलेला आहे. पाहते तो सगळ्यांचेच कोपरे कापलेले. नसबंदी झाली की खूण म्हणून कान कापतात, हे मला तिथं कळलं. एक पिवळी कुत्री जाळीपाशी येऊन माझा हात चाटायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तिला मिठी मारली, हो, मी, आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं.

गुरुजी दारातच होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

दीड वर्ष मी जिच्यासोबत एका घरात राहत होते, तिचं तोंड मी नीट पाहिलेलं नव्हतं. गुरुजींनी भिंतीवरचं पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "स्वाती. आलीय न? मग आलीय." आणि तिच्यासाठी भात कालवायला आत गेले. स्वतः मात्र जेवले नाहीत.

सकाळी सात वाजता त्यांनी माझं दार वाजवलं. अंगात धाबळी, हातात गंगाजळाचा तांब्या आणि भाताचा डबा. "चला," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुम्हाला ती ओळखता येत नाही. मला येते."

अमृतराव घाटावर धुकं होतं. म्हातारा नाववाला गुरुजींना लहानपणापासून पाहत आलेला. त्यांनी पाय नावेत टाकला तसा तो उठूनच उभा राहिला. "गुरूजी, आप? पार?" गुरुजींनी मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाले, "बाई, ऐकून ठेवा. तिकडे मला काही झालं, छातीत दुखलं, पडलो, तर डॉक्टर शोधत बसू नका. उचला आणि नावेत टाका. धारेच्या इकडे आलो की मगच मेलो म्हणा. त्याआधी कुणी काही विचारलं तर सांगा, झोपलेत."

"गुरुजी, मी खोटं बोलणार नाही आता."

"हे एवढं बोला," ते म्हणाले.

नाव मध्यावर आली तसं त्यांनी डोळे मिटले. मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षं. मुलीच्या लग्नाला जे सोडलं नाही ते हा माणूस एका कुत्रीसाठी सोडत होता, आणि तेही मी एका हातगाडीवाल्याचे दोन शब्द खरे धरल्याचं नाटक केलं म्हणून. मी म्हटलं, "गुरुजी, अजून परत फिरता येईल. मी पुन्हा जाते. या वेळी लक्ष देऊन..."

"कोट मी काढला," ते डोळे न उघडता म्हणाले. "तिला थंडी वाजत होती, आणि मी माझं सोवळं पाहिलं."

शेडमध्ये शिरलो तेव्हा साठ कुत्री एकदम भुंकायला लागली. गुरुजींनी हाका मारल्या नाहीत. शोधलंही नाही. जाळीच्या आत जाऊन त्यांनी ओल्या फरशीवर बसकण मारली, डब्यातला भात केळीच्या पानावर काढला, तांब्यातलं पाणी पानाभोवती फिरवलं आणि उजव्या बाजूला पाच गोळे ठेवले. शेडवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. गुरुजी रोजच्या आवाजात, ना मोठ्या ना बारीक, म्हणायला लागले. चित्राय नमः, चित्रगुप्ताय नमः.

अगदी मागं एका मोडक्या खाटेखाली काहीतरी हललं. मघा बाहेर आली. तिच्या अंगाला काहीतरी लागलेलं होतं, मागचा एक पाय ती ओढत होती. कुत्र्यांच्या गर्दीतून ती हळूहळू आली आणि पानाच्या उजव्या बाजूला तिच्या नेहमीच्या जागी बसली. गुरुजींचा मंत्र संपला. भात तिच्या नाकासमोर होता, आणि तिनं तोंड घातलं नाही. ती गुरुजींच्या हाताकडे बघत राहिली. त्यांनी आपोशन घ्यायचं राहिलं होतं.

त्यांनी उजवा हात पुढं केला. मी तांब्या धरला. त्यांनी हातावर पाणी घेतलं, पलीकडच्या काठावर बसून ते प्यायले, आणि मग मघा जेवायला लागली.

"माझी चूक झाली, मघे," गुरुजी म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले. शेडवाला म्हणाला, "बाबा, यही है, हम मान गए," आणि त्यानं डोळे पुसले. उरलेले चार गोळे मात्र तोवर दुसऱ्या दोघांनी संपवले होते, आणि खाल्लं म्हणजे झालंच. परतीच्या नावेत आम्ही पाच जण होतो. नाववाला तीन कुत्र्यांबद्दल काहीतरी बोलायला लागला तेव्हा गुरुजी म्हणाले, "आलेत न? मग आलेत." त्यांचा चेहरा आता स्वच्छ होता. येताना त्यांनी डोळे मिटले नाहीत.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. गुरुजींनी तिला सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. मग मला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं, "बाबा, माझ्या लग्नाला नाही आलात. कुत्र्यासाठी गेलात?"

"तिला फोन करता येत नाही ग," गुरुजी म्हणाले. "तुझा रविवारी येतो. त्या भरवशावर मी बसून राहिलो. चुकलंच माझं."

पलीकडून मुलीनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मोडलंच आहे न आता? मग या."

क्षेत्रसंन्यास पुन्हा घ्यायचा तर प्रायश्चित्त आणि चांगला मुहूर्त हवा. काशीत मुहूर्त सांगणाऱ्या माणसांना तोटा नाही, आणि गुरुजी स्वतः त्यातले. पण त्यांना पंचांगात मुहूर्तच सापडेना. फाल्गुन गेला, चैत्र गेला. वैशाखात ते रेल्वेनं पुण्याला गेले आणि नऊ दिवस राहून आले. ते नऊ दिवस ते सबंध घर माझ्या अंगावर होतं. बैलाला दारातून हलवायला मला जमलं नाही, पण त्याच्या बाजूनं साडी न मळवता निघायला जमलं. जेवायला बसताना मी उजवीकडे भाताचे गोळे ठेवत असे. बायकांनी चित्राहुती घालायची नसते म्हणतात. मी कुणाला विचारलं नाही, आणि ओळीतल्या कुणी हरकत घेतली नाही. परत आल्यावर गुरुजींना लगेच दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त सापडला.

मघा त्यानंतर दीड वर्ष जगली. मी सांगलीहून आईच्या जुन्या शालीची, खऱ्या लोकरीच्या, तिच्यासाठी झूल शिवून आणली. गुरुजींनी त्यातला एक धागा ओढून माझ्यासमोर निखाऱ्यावर धरला, वास घेतला आणि हसले. पुढं ती गेली तेव्हा त्या झुलीतच तिला त्यांनी गंगेत सोडलं, भोसले घाटाच्या खाली. काशीतच गेली, तिचं काम झालं, असं ते म्हणाले.

माझी बदली झाली तेव्हा गुरुजी बैलाच्या बाजूनं गल्लीच्या तोंडापर्यंत आले. "बाई, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी पार जाऊन पाणी प्यायलो आहे. प्रायश्चित्त घेतलं, पण हिशेब वरच्यांच्या हातात. समजा, चुकून झालोच गाढव, तर कुठं जाऊ? इकडे ओळखीचं कुणी उरलेलं नसेल. तुमच्या दारात एखादं गाढव येऊन उभं राहिलं तर हाकलू नका. आधी भात घाला."

मी म्हटलं, "घालीन." आणि रिक्षात बसून स्टेशनपर्यंत हुंदके देत राहिले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. गॅलरीतून पाहिलं तर वॉचमन काठी उगारून उभा आणि त्याच्यासमोर एक गाढव. कुठल्या वीटभट्टीवरून सुटून आलं होतं कोण जाणे. पाठीवर दोरीचे वळ, आणि ते हलायला तयार नव्हतं. ते मान वर करून माझ्याकडेच बघत होतं. मी तशीच फोनकडे धावले. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. दहा-बारा घंटा मी मोजल्या.

"हॅलो? कोण, मॅनेजरबाई? काय झालं, इतक्या सकाळी?" मागं कुणीतरी भुंकत होतं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. "गुरुजी, तुम्ही आहात न?"

"आहे की. का हो?"

"काही नाही. दारात गाढव आलंय."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. ते खिळ्यावरचं पंचांग काढून बघत असणार.

"मग तो मी नाही, दुसरं कुणीतरी आहे," ते म्हणाले. "पण आलंय न?"

"आलंय."

"मग आलंय. आज पुष्य आहे, बाई. नाव चांगलं आहे."

मी वॉचमनला वरून ओरडून सांगितलं, काठी खाली ठेव, आणि आत जाऊन कुकरचं झाकण उघडलं.